हातपंप बंद पडल्यावर दुरुस्ती कोण करणार?

कोल्हापूर शहरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण पाळकांनी मला पत्र लिहून सल्ला मागितला आहे. त्यांच्या मंडळीतली एक परिचारिका सध्या आफ्रिकेतल्या मलावी देशात मिशनच्या रुग्णालयात काम करते. तिच्या पत्रांतून तिथल्या एका खेड्याची हलाखी कळली आणि यंदाच्या हंगामाच्या सणाला आलेले दान व लिलावाचे पैसे त्या गावासाठी द्यावेत असे मंडळीने ठरवले. पंच कमिटीतल्या काहींना बोअर मारून द्यावे असे वाटते, महिला मंडळाने कपडे गोळा करायला सुरुवात केली आहे, आणि तरुण संघाला तिकडे जाऊन शाळेची खोली बांधून यायची इच्छा आहे. पाळकसाहेबांचे प्रश्न दोन आहेत. गरीब देशांतल्या समाजाच्या विकासाला मंडळीने हातभार कसा लावावा, आणि आपल्याच जिल्ह्यात गरिबी असताना इतक्या दूर मदत पाठवणे योग्य आहे का?

पाळकसाहेब, सप्रेम सलाम. तुमचे पत्र वाचून आनंद झाला, कारण निर्णय पक्का होण्याआधी तुम्ही विचारले आहे. मी अठ्ठावीस वर्षे ग्रामीण पाणी आणि आरोग्याच्या कामात आहे. सुरुवात पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर हातपंप दुरुस्त करण्यापासून झाली, आणि पुढे चार वर्षे मलावीच्या मध्य भागात तिथल्या मंडळ्यांबरोबर राहून काम केले. त्या अनुभवावरून सांगतो, की पैसा सर्वांत शेवटी पाठवा. त्याआधी करायची कामे पुष्कळ आहेत, आणि ती केली नाहीत तर पाठवलेला पैसा गावाचे नुकसानही करू शकतो.

मलावीत मी रुजू झालो त्या पहिल्याच महिन्यात राजधानी लिलोंग्वेपासून तीन तासांवरच्या एका गावात गेलो होतो. सिमेंटच्या ओट्यावर हातपंप उभा होता आणि ओट्यावर पंप देणाऱ्या परदेशातल्या मंडळीचे नाव व साल कोरलेले होते. लहान मुलांनी उगाच हलवू नये म्हणून दांडा तारेने बांधून ठेवला होता. शेजारच्या पायवाटेने बायका डोक्यावर बादल्या घेऊन ओढ्याकडे चालल्या होत्या. मी तार सोडली, दांडा पाच-सात वेळा मारला आणि आवाजावरून ओळखले, की आतला दट्ट्या पाणी धरत नाही, त्याचे वायसर झिजले आहे. शाहूवाडीत तोच आवाज शंभरदा ऐकलेला होता. वायसरची किंमत अशी, की गावाने दोन कोंबड्या विकल्या असत्या तरी ती भागली असती. पण ते कुठे मिळते हे कोणालाच ठाऊक नव्हते, पंप उघडायचा पाना कोणाकडे नव्हता, आणि पाणी समितीची नेमणुकीच्या दिवशी फोटोसाठी जमली ती सोडून एकही बैठक झाली नव्हती. चौदा महिने तो पंप तसाच उभा होता. गावप्रमुखांना विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘पंप त्यांचा आहे. ते येतील तेव्हा बघतील.’

‘त्यांचा’ हा शब्द मी तेव्हापासून विसरलेलो नाही. पंपासाठी दान देणाऱ्यांच्या मनात प्रेमच होते, यात मला शंका नाही. तरी बायकांची पायपीट थांबली नाही, कारण पंप कोणाचा हे कधी ठरलेच नव्हते.

या हातपंपाची कुळकथा आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. साठ-सत्तरच्या दशकांत दुष्काळी भागात जे बिडाचे पंप बसवले गेले ते एका कुटुंबाच्या वापराच्या बेताचे होते आणि अख्ख्या गावाचा भार पडताच मोडून पडत. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या विहिरींच्या कामावर असलेल्या माणसांनी ते दुरुस्त करता करता साखळी आणि बॉलबेअरिंगचा दणकट पोलादी पंप घडवला. सोलापूरच्या त्या पंपावरून युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे तो आफ्रिकेतही पोहोचला. पंप मजबूत खराच, पण आतले वायसर बदलायला वरचे सगळे पाइप तिकाटणे लावून उपसावे लागत आणि त्यासाठी प्रशिक्षित मेकॅनिकची वाट पाहावी लागे. ही अडचण ओळखून ऐंशीच्या दशकात मलावी आणि केनियात ‘अफ्रीदेव’ हा पंप विकसित झाला, तो गावातल्या बायकांनाच एका पान्याने उघडून दुरुस्त करता यावा म्हणून. मी पाहिलेला बंद पंप अफ्रीदेवच होता. म्हणजे यंत्र गावाच्या हातात यावे अशी सोय यंत्र घडवणाऱ्यांनी करून ठेवली होती. देणाऱ्यांनी मात्र पाना कोणाच्या हातात द्यायचा याचा विचार केला नव्हता.

आता मंडळीजवळ काय असते ते पाहू. तीन वर्षांचा प्रकल्प तीन वर्षांत उठतो, त्याची जीप जाते, त्याचा कर्मचारी दुसऱ्या जिल्ह्यात रुजू होतो. मंडळी मात्र तिथेच राहते. मलावीत प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे काम १८७५ साली स्कॉटलंडच्या लिव्हिंगस्टोनिया मिशनने सुरू केले, आणि १९२४ मध्ये तिथल्या मंडळ्या एकत्र येऊन त्यांचे स्वतःचे चर्च उभे राहिले. सत्ता बदलल्या, दुष्काळ आले, कॉलरा आला, पण दर रविवारी घंटा वाजतच राहिली. जिथे ग्रामसेवक महिन्यातून एकदा फिरकतो आणि डॉक्टर वर्षातून एकदा, तिथे दर आठवड्याला शे-दोनशे माणसे आपण होऊन एका छताखाली जमतात, एकमेकांची आजारपणे आणि मरणे त्यांना ठाऊक असतात आणि दानपेटीचा हिशेब ती उघड्यावर वाचतात. हे बळ पैशाने विकत मिळत नाही, आणि विकासाच्या कामाला नेमके तेच लागते.

मध्य मलावीतल्या मंडळ्यांत बायकांच्या संघटनेला ‘चिग्विरिझानो’ म्हणतात. आपल्या महिला मंडळासारखीच ती, फक्त शिस्त आपल्यापेक्षा कडक. त्या गावचा पंप अखेर याच बायकांनी सुरू केला. मी एवढेच केले, की त्यांच्यातल्या चौघींना घेऊन बाजारगावच्या दुकानात गेलो, वायसर कोणते मागायचे ते दाखवले, आणि परत आल्यावर पंप उघडताना हात मागे बांधून उभा राहिलो. पहिल्या वेळी त्यांना सगळी सकाळ लागली. मोडक्या वायसरचा तुकडा एकीने फडक्यात बांधून जपून ठेवला, पुढच्या खेपेला दुकानदाराला नमुना दाखवता यावा म्हणून. त्यानंतर दर घरामागे महिन्याला ठरावीक क्वाचा (तिथले चलन) गोळा करायचे त्यांनी ठरवले आणि खजिनदार म्हणून मंडळीबाहेरची, दुसऱ्या धर्माची बाई निवडली. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, पाणी सगळ्यांचे आहे, मग चावी एकट्या मंडळीकडे कशी ठेवायची? हे मी त्यांना शिकवलेले नव्हते.

पैशाच्या बाबतीतही तिथे शिकण्यासारखे आहे. आपल्या बचत गटाची आफ्रिकी बहीण म्हणावी अशी एक पद्धत मलावीच्या खेड्यापाड्यांत रुजली आहे; लोक तिला ‘बँकी म्खोंडे’ म्हणतात, म्हणजे पडवीतली बँक. पंधरा-वीस जणी पडवीत बसतात, प्रत्येक जण झेपेल तेवढा हिस्सा टाकते, गरजूला त्यातूनच कर्ज मिळते, आणि वर्षाच्या शेवटी व्याजासह सगळी रक्कम वाटून पेटी रिकामी करतात. तिथे मक्याचे एकच मोठे पीक एप्रिलच्या सुमारास येते आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत कित्येक घरांतला दाणा संपतो. म्हणून पुष्कळ गट पावसाच्या तोंडावर वाटप करतात, त्या पैशातून खत घेता येते आणि उपासमारीच्या महिन्यांसाठी मकाही. अशा गटात बाहेरून फुकट भांडवल ओतू नये. मी हे एकदा, उत्साहाच्या भरात, होऊ दिले आणि तो गट वर्षभरात मोडला, कारण स्वतःच्या बचतीचे कर्ज बाई डोळ्यांत तेल घालून फेडते आणि परक्याचा पैसा बुडाला तरी तिला रात्री झोप लागते. ती चूक माझी होती, त्या बायकांची नव्हे.

आपल्याकडची उदाहरणे याहून मोठी आहेत. वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने स्थापन झालेली पतपेढीच आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाला जगाने मान दिला, १९७९ चा मॅगसेसे पुरस्कारही दिला. पण त्या कामाचा कणा होत्या गावोगावच्या आरोग्यसेविका, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित समाजातल्या. आरोळे दांपत्याने बोअरसाठी जागा दाखवताना ती जाणीवपूर्वक दलित वस्तीत दाखवली, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागेल. हातपंप कुठे बसवायचा हा प्रश्न अभियंत्याच्या अखत्यारीतला वाटतो, पण गावात मान कोणाला मिळणार हेही त्यावरच ठरत असते, आणि बाहेरून आलेल्या दात्याला हे कधीच दिसत नाही. अहमदनगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी पाणलोटाचे काम उभे केले, तेव्हा बांधबंदिस्तीला निधी देण्याआधी गावाने श्रमदान करून दाखवावे आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळावी अशी अट होती. ही अट कठोर वाटते, परंतु घामाचा वाटा घातलेला बांध गाव मोडू देत नाही.

कोल्हापूरकरांना हे नव्याने सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी जातीजातींच्या आणि धर्माधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करवली, तेव्हा जागा आणि अनुदान दरबाराने दिले, पण कारभार त्या त्या समाजातल्या पुढाऱ्यांच्या हाती ठेवला. देणाऱ्याने किती द्यावे आणि कुठे थांबावे, याचा याहून चांगला धडा मला परदेशातल्या कोणत्याही प्रशिक्षणात मिळाला नाही.

कपड्यांबद्दल मला स्पष्ट लिहावे लागेल, महिला मंडळाने राग मानू नये. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेले होते, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. पाणी ओसरल्यावर मी शिरोळ तालुक्यात होतो. राज्यभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला चिखलात भिजून कुजत पडले होते. लोकांना हवे होते गाळ काढायला फावडी, कोरडी चूल, जनावरांना वैरण आणि पंचनाम्याचे कागद भरून देणारे कोणीतरी. एका मंडळीच्या बायकांनी तेव्हा काय केले ते मी पाहिले आहे. त्यांनी काहीच वाटले नाही. घरोघरी जाऊन चिखल उपसला, भिंती धुतल्या, आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात शिधापत्रिका व सातबाराच्या भिजलेल्या प्रती वाळवून अर्ज लिहून दिले. जवळचे गाव असूनही कपड्यांची ही गत होते, तर समुद्रापलीकडे पाठवण्याचा खर्च कपड्यांच्या किमतीहून जास्त होईल, आणि तिथल्या बाजारात कपडे शिवून, विकून जगणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल तो वेगळाच.

तरुण संघाने जाऊ नये असे मी म्हणत नाही. खोली बांधायला मात्र जाऊ नये. मलावीत गवंडी आहेत, विटा भाजणारे आहेत आणि त्यांना कामाची गरज आहे. बारा जणांच्या विमानाच्या तिकिटांत तिथल्या गवंड्यांच्या मजुरीवर एकाहून जास्त खोल्या उभ्या राहतील. दोघांनाच पाठवा, शक्य तर हिशेब जाणणारी एक मुलगी आणि शेती जाणणारा एक मुलगा, आणि त्यांना शिकायला पाठवा. महिनाभर त्यांनी तिथल्या घरांत राहावे, न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, खावा, ओढ्यावरून पाणी आणावे आणि परत येऊन मंडळीला सांगावे की तिथल्या माणसांजवळ काय काय आहे. काय नाही याची यादी कोणीही करतो.

आरोग्य आणि शिक्षणात मंडळीने सरकारला समांतर दुकान मांडू नये, हेही मला अनुभवाने पटले आहे. मलावीतल्या ख्रिस्ती रुग्णालयांच्या संघटनेशी तिथल्या सरकारने करार केले आहेत. त्याखाली अनेक ठिकाणी बाळंतपणाची सेवा रुग्णाला मोफत मिळते आणि पैसे सरकार भरते. तुमच्या मंडळीची परिचारिका अशाच व्यवस्थेत काम करत असेल. आपल्याकडे मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालयाबरोबर इथल्याच तरुणांना वैद्यकीय शिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि तिथे शिकलेली माणसे पुढे दूरदूर पसरली. इमारत मागे राहिली की कधी कधी तिच्या मालकीचे वाद मागे राहतात, हे आपल्या भागातल्या मंडळ्यांना दुःखाने माहीत आहे. माणसे घडवली तर तो वारसा कोर्टात जात नाही.

मंडळीने अन्यायाविरुद्ध बोलावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते विकासाचाच भाग आहे. मार्च १९९२ मध्ये मलावीच्या कॅथलिक बिशपांनी एक पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचायला लावले. त्यात गरिबी, शाळा-दवाखान्यांची दुरवस्था आणि बोलण्याची बंदी यांविषयी उघड लिहिले होते. तेव्हा तिथे एकपक्षीय हुकूमशाही होती आणि पत्र बाळगणेही धोक्याचे होते. १९९३ मध्ये सार्वमत झाले आणि १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणूक. बाहेरच्या मंडळीने अशा वेळी तोंड घालू नये; तिथल्या मंडळीने बोलायचे ठरवले तर तिच्या पाठीशी उभे मात्र राहावे.

एका बाबतीत तडजोड नको. मदत मिळण्यासाठी कोणालाही उपासनेला यावे लागू नये, नाव नोंदवावे लागू नये, प्रार्थना म्हणावी लागू नये. रेडक्रॉस आणि मदतसंस्थांनी १९९४ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेतही हे स्पष्ट आहे, की मदत धर्म न पाहता गरज पाहून द्यावी आणि ती धार्मिक मत पुढे नेण्यासाठी वापरू नये. मी श्रद्धावान माणूस आहे आणि माझी श्रद्धा मी लपवत नाही. पण भुकेल्याच्या हातात ताट देताना मोबदल्यात त्याची श्रद्धा मागणे, हा त्या माणसाचा आणि प्रभूचाही अपमान आहे असे मला मनापासून वाटते.

कायद्याची बाजूही आताच पाहून घ्या. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर न्यासपत्रात परदेशी खर्चाला वाव आहे का ते तपासा. न्यासाने देशाबाहेर केलेल्या खर्चावर आयकराची सूट आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. आणि परदेशी देणगी नियमन कायद्याखाली आलेला पैसा २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, त्यामुळे तो खात्यात असेल तर त्याला या कामासाठी हातही लावू नका. चांगल्या सनदी लेखापालाची एक भेट पुढची वर्षे वाचवते.

आपल्याच जिल्ह्यात गरिबी असताना दूर का जावे, हा प्रश्न तुम्ही प्रामाणिकपणे विचारला आहे. माझे उत्तर असे, की ज्या मंडळीने आपल्या गावाबाहेरच्या वीटभट्टीवरच्या मुलांची नावे कधी विचारली नाहीत, ती मलावीतल्या मुलांना काही देऊ शकणार नाही, तिला ते जमणारच नाही. ऊसतोडीच्या हंगामात पाली ठोकून राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा, त्यांच्या गरोदर बायकांची तपासणी, त्यांना उचलीचा हिशेब वाचून दाखवणे, या कामांत एक हंगाम घालवा. तिथे तुम्हाला कळेल की लोकांना आधी काय विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प कसे बसायचे. तो हंगाम संपल्यावर मलावीतल्या मंडळीला लिहिताना तुमच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी असेल, आणि ते पत्र दात्याचे याचकाला नसेल.

त्यामुळे सणाचे पैसे सध्या बँकेत वेगळे ठेवा आणि परिचारिका बहिणीमार्फत तिथल्या पाळकांना एक पत्र पाठवा. त्यात पैशाचा उल्लेख करू नका. तुमच्या गावात आत्ता पाणी कुठून येते, ते कोण भरते आणि किती वेळ लागतो; पूर्वी बसवलेला एखादा पंप बंद आहे का आणि तो कशाने बंद पडला; पंपाचे सुटे भाग विकणारे सर्वांत जवळचे दुकान किती दूर आहे; गावात पडवीतली बँक चालते का आणि तिची पेटी कोणाकडे असते; आणि गेल्या वर्षात तुम्ही सगळ्यांनी मिळून स्वतःच्या बळावर केलेले एक काम कोणते, एवढेच विचारा. उत्तर चिचेवा भाषेत, तिथल्या बायकांनी सांगितलेले आणि त्यांच्यातल्याच कोणीतरी लिहिलेले असावे अशी विनंती करा. भाषांतर परिचारिका बहीण करून देईल. ते पत्र आले की मला कळवा. एखादा बंद पंप असल्याचे निघाले, तर नव्या बोअरआधी वायसरचा संच, एक पाना आणि चौघींचे दोन दिवसांचे प्रशिक्षण यांचा खर्च आपण बसून काढू.